भाव विचारणारी माणसं

सकाळी अकरा वाजता पद्मजा मगदूमचा पतांक सातशे ब्याऐंशी होता. साडेअकराला तो सहाशे एकोणतीस झाला. मधल्या अर्ध्या तासात तिनं कुणाचा हप्ता चुकवला नव्हता, की कुणाला जामीन राहिली नव्हती. तिनं सहा बँकांना फक्त विचारलं होतं, की घरासाठी कर्ज द्याल का आणि व्याज किती घ्याल.

खरं तर तिच्या वतीनं विचारलं होतं ते किरण शेटेनं. मिरजेच्या स्टेशन रोडवर त्याचं गृहकर्ज सल्ला केंद्र होतं; एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. "एकाच बँकेच्या दारात कशाला बसायचं, ताई? सहा ठिकाणी अर्ज टाकू. जो कमी व्याज सांगेल त्याच्याकडं सही करा," तो म्हणाला आणि पद्मजाला ते पटलं. कांदे घेतानाही ती चार गाड्यांवर भाव विचारायची.

पहिल्या बँकेचं उत्तर मिनिटभरात पडद्यावर आलं. साडेआठ टक्के. दुसरीनं सव्वानऊ सांगितले, तिसरीनं पावणेअकरा. बँकाबँकांत फरक असणारच, असं पद्मजाला वाटलं. चौथीनं 'सध्या शक्य नाही' कळवलं आणि पाचवी-सहावीचा नकार तर अर्ज पोचायच्या आतच आल्यासारखा आला. शेटेनं घाईघाईनं पहिल्या बँकेचं पान पुन्हा उघडलं. साडेआठ टक्क्यांची ओळ नाहीशी झाली होती. तिच्या जागी लिहिलं होतं: 'अर्जदाराची जोखीम बदलल्यामुळे प्रस्ताव मागे घेतला आहे.'

"माझं काय बदललं अर्ध्या तासात?" पद्मजानं विचारलं.

शेटेचा चेहरा उतरला होता. "गेल्या महिन्यापर्यंत असं होत नव्हतं हो. पतवेधनं काहीतरी नवं घातलंय." मग तो म्हणाला, "चहा मागवू का, ताई?"

ही गोष्ट २०४१ सालची. पूर्वीही बँका कर्ज देण्याआधी माणसाचा पत-अहवाल मागवत. कुणाकडून किती घेतलं, वेळेवर फेडलं का, याची ती जंत्री असे. अहवाल मागवला, की त्या चौकशीचीही नोंद व्हायची आणि आकडा चार-पाच गुणांनी खाली यायचा. फार कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्या जुन्या अहवालाच्या जागी आता पतवेध आलं होतं. हे यंत्र मागचं बघून थांबत नसे. हा माणूस पुढं हप्ता चुकवेल का, याचं ते भाकीत करी, आणि गेल्या महिन्यापासून ते भाकीत दर सेकंदाला नवं होऊ लागलं होतं. कोट्यवधी कर्जदारांची माहिती चाळून यंत्र आपलं आपण शिकलं होतं. त्यात त्याला दिसलं होतं, की थोड्या वेळात अनेक बँकांकडं जाणारी माणसं पुढं जास्त प्रमाणात हप्ते चुकवतात. का चुकवतात, हा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता. त्यामुळं पहिल्या बँकेनं चौकशी केली की आकडा घसरे. घसरता आकडा बघून दुसरी बँक दर वाढवी. वाढलेला दर बघून यंत्र आकडा आणखी खाली नेई. सभागृहात माइक कर्ण्यासमोर धरला की तो स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळायला लागतो, तसं. बोलणाऱ्यानं काही ओरडावं लागत नाही.

पद्मजा एकेचाळीस वर्षांची. कृष्णातीर रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात एकोणीस वर्षं तंत्रज्ञ. ब्राह्मणपुरीत देवधर सरांच्या घराच्या तळमजल्यावर ती अकरा वर्षं भाड्यानं राहत होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं धुण्याच्या दगडाजवळ तिनं लावलेली जाई. देवधर सर वरच्या मजल्यावर एकटेच असत. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता गुडघे साथ देईनात म्हणून ते नागपूरला मुलीकडं जाणार होते. "खालचा मजला घेण्याचा पहिला हक्क तुझा," त्यांनी सांगितलं होतं. "तीन महिने थांबतो. त्यापुढं माझी मुलगी थांबायची नाही."

आणि घरात सन्मती होता, तिचा थोरला भाऊ. तासगावला त्यानं बेदाण्याचं शीतगृह काढलं होतं. एका उन्हाळ्यात वीज सतत गेली, माल सडला, आणि बँकेशी तडजोड करून त्याला शीतगृह विकावं लागलं. बायको त्याआधीच गेलेली. चार वर्षांपूर्वी तो एक बॅग घेऊन बहिणीकडं आला, तो राहिला. तासगावच्याच एका बेदाण्याच्या शेडवर वजनं लिहायची नोकरी करायचा.

पहिल्या बँकेचे व्यवस्थापक कोठावळे भला माणूस होता. पद्मजा दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसली तेव्हा त्यांनी तिच्याकडं पडदा फिरवला.

"मॅडम, माझ्या हातात काही नाही. पण आकडा सुधारायचे दोन मार्ग यंत्र सांगतंय. एक, पुढची दोन वर्षं कुठल्याच बँकेत चौकशी करायची नाही."

"आणि दुसरा?"

कोठावळे जरा अडखळले. "तुमच्या पत्त्यावर सन्मती मगदूम राहतात. तडजोड केलेले कर्जदार. तुमचं त्यांचं एक जोडखातं आहे. तुम्ही दोघांनी विलग नोंद केली, म्हणजे पत्ता वेगळा, खातं बंद, एकमेकांशी आर्थिक संबंध नाही असं लिहून दिलं, तर शहाण्णव गुण वाढतात. आजच्या आज."

पद्मजा त्या शहाण्णव आकड्याकडं बघत राहिली. मग ती उठली आणि पर्स विसरून चालायला लागली. कोठावळेंना ती मागून आणून द्यावी लागली.

तिनं घरी हे सांगितलं नाही. पण यंत्रानं सांगितलं. विलग नोंदीला दोघांची संमती लागते, म्हणून सूचना सन्मतीच्या फोनवरही गेली होती. शुक्रवारी दुपारी पद्मजा कामावरून आली तेव्हा त्याच्या खोलीतली कॉट आवरलेली होती आणि खुंटीवर एकही शर्ट नव्हता.

ती तशीच तासगावच्या बसमध्ये बसली.

शेडमध्ये पट्ट्यावरून बेदाणे पुढं सरकत होते आणि पंधरा-वीस बायका काड्या वेचत होत्या. कोपऱ्यात काट्याजवळ सन्मती वजनं लिहीत होता. तिला बघून त्यानं पेन खाली ठेवलं.

"माझी सही झालीय," तो म्हणाला. "आता तुझी राहिलीय."

"ती होणार नाही."

"पदू, कागदावर तर आहे सगळं. मी काय खरंच परका होतोय का? शेडच्या वर खोली दिलीय मालकानं. रविवारी येत जाईन जेवायला."

"ते यंत्र कागदच वाचतं ना, दादा? मग मी कागदावर लिहून देऊ, की हा माझा कुणी नाही?"

"घर जाईल तुझं."

"जाऊ दे, असं म्हणतच नाही मी. मला ते घर पाहिजेच आहे. पण असं नको."

सन्मतीनं पेन पुन्हा उचललं. "माझ्यापायी आणखी किती..."

"तुझ्यापायी काही नाही!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की काड्या वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले. "मला राग आलाय तो निराळाच. एकोणीस वर्षांत मी एक हप्ता एक दिवस उशिरा भरला नाही. गाडीचा नाही, आईच्या ऑपरेशनचा नाही. आणि सहा ठिकाणी भाव विचारला म्हणून मला लबाड ठरवतात? कुणी ठरवलं? बॅग घे आणि चल. साडेपाचची बस आहे."

त्यानं बॅग घेतली. मिरज आल्यावर तो म्हणाला, "जाताना दूध घ्यायचंय." तेवढंच.

रविवारी सकाळी ती देवधर सरांकडं वर गेली. सर खोक्यांत पुस्तकं भरत होते. तिला बघून एका खोक्यावरच बसले. पद्मजानं सगळं सांगितलं. सांगता सांगता ती एकदम थांबली.

"सर, आमच्याकडं दिवस न भरलेली बाळं येतात. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त किती असतं माहितीय? अर्धी वाटी. डॉक्टर तपासायला म्हणून थोडं काढायला लावतात. मग पुन्हा तासानं. मग दुसरे डॉक्टर येतात, त्यांना त्यांचा नमुना वेगळा हवा असतो. चौथ्या खेपेला अहवाल येतो, की बाळाचं रक्त कमी झालंय. आम्हीच काढलेलं असतं ते! मागं मी एकदा सुईच खाली ठेवली होती. म्हटलं, आता याला तपासू नका, नाहीतर तपासण्यांनीच आजारी पडेल."

देवधर सरांनी चष्मा काढला. "तू संख्याशास्त्राच्या वर्गात असायला हवी होतीस. आता पुढचं ऐक. ज्याला सगळ्या बँका नकार देतात, तो काय करतो? महागडं खासगी कर्ज घेतो. तीस टक्क्यांचं. ते त्याला झेपत नाही. तो हप्ता चुकवतो. यंत्र म्हणतं, बघा, मी म्हणालो नव्हतो? आणि ज्यानं कर्जच घेतलं नाही, त्यानं ते फेडलं असतं की नाही, हे यंत्राला कधीच कळत नाही. त्याची चूक त्याला दाखवणारं कुणी समोर येतच नाही."

"मग दाखवायची कशी?"

सरांनी खोक्यातनं एक जाडजूड बाड काढलं. कायद्यानं पतवेधला आपली कोष्टकं दर वर्षी जाहीर करावी लागत. सर ती फावल्या वेळात वाचायचे. यंत्रानं देशभरातल्या माणसांचे जिल्ह्याप्रमाणं आणि धंद्याप्रमाणं वाफे पाडले होते. सांगली जिल्ह्यातल्या रुग्णालयांतली माणसं, हा एक वाफा. त्यात चारपेक्षा जास्त बँकांत चौकशी केलेली माणसं अवघी नव्वद. त्यांतल्या एकतिसांनी पुढं हप्ता चुकवला होता.

"तिघांत एक," सर म्हणाले. "म्हणून यंत्र घाबरतं. आता याच वाफ्यातली चारशे माणसं घे, ज्यांची घरांची कर्जं आधीच चालू आहेत आणि जी वेळेवर भरतात. त्यांनी सात-सात बँकांना विचारायचं, की माझं कर्ज तुमच्याकडं हलवलं तर व्याज किती? आणि आपले हप्ते भरत राहायचं. मग होतील चारशे नव्वदांत एकतीस. सोळांत एक. आणि अख्ख्या वाफ्यात हप्ते चुकवणाऱ्यांचं प्रमाणही सोळांत एकच आहे. भाकीत सेकंदाला बदलतं, पण यंत्र नव्यानं शिकतं ते नऊ महिन्यांनी. त्याला दिसेल, की चौकशी करण्याचा आणि बुडवण्याचा काही संबंध नाही."

"पण ही फसवणूक नाही का, सर?"

"खोटं सांगितलंस तर फसवणूक. ही माणसं खरंच भाव विचारतील आणि खरंच हप्ते भरतील. त्या यंत्रानं आजवर घाबरलेली माणसंच पाहिलीत. त्याला न घाबरलेली दाखव." मग ते हळूच म्हणाले, "पण नऊ महिने म्हणजे नऊ महिने. माझे तीनच आहेत. तेही लक्षात घे."

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये पहिल्या दिवशी सात जण जमले. पद्मजानं काही लपवलं नाही. तुमचा आकडा दीडशेनं पडेल, ती म्हणाली. ज्यांच्या व्याजाचा दर आकड्याला बांधलाय त्यांचा हप्ता वाढेल. नऊ महिने कुणी नवीन कर्ज देणार नाही. आणि हे जमेलच, याची खात्री नाही.

"मग करायचं कशाला?" कुणीतरी विचारलं.

उत्तर नसीम मुजावरनं दिलं. नसीम नवजात विभागात परिचारिका, पद्मजाची पंधरा वर्षांची मैत्रीण. "गेल्या वर्षी मला कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं होतं. एक टक्का कमी मिळत होतं. मी विचारलंच नाही. का? तर आकडा पडेल. आपण विचारत नाही म्हणून ते मागतील ते व्याज देतो. भाव विचारायची भीती वाटते म्हणून महाग माल घेणारी आपण बाजारातली पहिलीच गिऱ्हाइकं असू." तिनं फोन काढला. "पहिली बँक कुठली घेऊ गं?"

महिन्याभरात ते लोण जिल्ह्यातल्या अकरा रुग्णालयांत पोचलं. परिचारिका, वॉर्डबॉय, क्ष-किरण विभागातले, औषध दुकानातले, तीन भूलतज्ज्ञ. चारशे बारा माणसांनी एकाच आठवड्यात सात-सात बँकांना भाव विचारला. आणि चारशे बारा आकडे धडाधड कोसळले.

त्याची किंमत लगेच दिसायला लागली. नसीमचा हप्ता तेवीसशे रुपयांनी वाढला. "भरते मी. पण मला सारखं सारखं विचारू नकोस," ती पद्मजाला म्हणाली आणि दुपारच्या सुट्टीतही इंजेक्शन द्यायची खासगी कामं घेऊ लागली. चौगुले सिस्टरचं दुखणं त्याहून मोठं होतं. त्यांच्या मुलाला पुण्याला प्रवेश मिळाला आणि शैक्षणिक कर्जाला आईचा आकडा आडवा आला. भर कँटीनमध्ये त्या पद्मजासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू म्हणालीस नवीन कर्ज मिळणार नाही. मला वाटलं, मला कुठं घ्यायचंय. पोराचं लक्षातच आलं नाही माझ्या. आता त्याचं वर्ष गेलं. तू देणार आहेस का ते वर्ष?"

पद्मजानं मान खाली घातली नाही, एवढंच. चौगुले सिस्टर आणि त्यांच्याबरोबर सोळा जण बाहेर पडले. सिस्टर पद्मजाशी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

देवधर सरांच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते तेव्हा तपासणी विभागाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पतवेधच्या मुंबई कार्यालयातून आलेल्या इरावती राजाध्यक्ष. रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या यंत्राची घरघर चालू होती. ती थांबेपर्यंत त्या शांतपणे थांबल्या. मग स्टुलावर बसल्या.

"मी तुम्हाला धमकवायला आलेली नाही, पद्मजाताई. तुमच्यावर अन्याय झालाय हे मला मान्य आहे. तुमचा अर्ज आमचा माणूस स्वतः बघेल. सातशे ब्याऐंशी परत मिळतील. भावाला घराबाहेर काढायची गरज नाही. साडेआठ टक्क्यांचं कर्ज आज संध्याकाळपर्यंत मंजूर होईल."

"आणि माझ्याकडनं काय हवंय?"

राजाध्यक्षांनी एक कागद पुढं केला. एकच परिच्छेद होता. या चौकशा खऱ्या गरजेपोटी केलेल्या नसून ठरवून केलेल्या होत्या, असं निवेदन.

"एवढ्यानं काय होईल?"

"बनावट चौकशा शिकवणीतून वगळायची आम्हाला मुभा आहे," राजाध्यक्षांनी सरळ सांगितलं. "त्या वगळल्या, की यंत्र जसं आहे तसं राहील. बाकीच्यांचे आकडे हळूहळू येतील वर. दोन-तीन वर्षांत."

"जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते," पद्मजा म्हणाली.

ती कँटीनच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. डबा उघडला नाही. तिला ते घर स्पष्ट दिसत होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याची एक कड तुटलेली होती. घर आपलं झालं की ती बदलायची, असं अकरा वर्षं घोकलं होतं. दादाच्या खोलीला खिडकी पाडायची होती. मागची जाई यंदा कौलांपर्यंत गेली होती. एक सही. तिला कुणी नावंही ठेवलं नसतं. बहुतेकांना कळलंही नसतं. तिनं सन्मतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मला विचारत असशील तर सही कर," तो म्हणाला. "मी अशीच एक सही केली होती, शीतगृह जाताना. वीजवाल्यांची काही चूक नाही म्हणून लिहून दिलं होतं. त्यावर कंपनीनं थोडे पैसे दिले आणि बँकेशी तडजोड झाली. रात्री झोप लागायची, असं काही म्हणणार नाही मी. पण छप्पर मिळतं, पदू."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?"

तिनं फोन ठेवला आणि डबा न उघडताच आत गेली. राजाध्यक्ष तिथंच बसल्या होत्या.

"हे खोटं आहे," पद्मजानं कागद त्यांच्याकडं सरकवला. "ठरवून विचारलं, हे खरं. पण गरज नव्हती, हे खोटं. नसीमला एक टक्का कमी व्याज मिळत असेल तर ते तिला हवंच आहे. मलाही घर हवंच होतं. भाव विचारणं बनावट कसं असेल, मॅडम? तुम्ही मुंबईत भाजी कशी घेता?"

"तुमचं घर जाईल." राजाध्यक्षांचा स्वर कडक झाला नव्हता, उलट त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखा होता.

"जाईल. पण ते माझ्या सहीनं जाणार नाही." तिनं नळ्यांचा पुढचा ट्रे उचलला. "मला वीस नमुने लावायचेत."

घर गेलं. इस्लामपूरच्या एका दंतवैद्यानं ते रोखीनं घेतलं. देवधर सर निघाले त्या दिवशी गाडीत बसेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत, आत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "मी आणखी थांबायला हवं होतं." तिनं होकारार्थी मान हलवली. थांबायला हवं होतं, हे तिलाही वाटत होतं, आणि खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती. पद्मजा आणि सन्मती मालगाव रस्त्याला एका चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. पाणी दिवसाआड यायचं.

पुढचे महिने सरता सरेनात. दर महिन्याच्या पाच तारखेला तीनशे पंचाण्णव माणसं एकमेकांना कळवायची: भरला. गणपतीत एका वॉर्डबॉयचा पगार अडकला तेव्हा नसीमनं त्याच्या हप्त्यासाठी सगळ्यांकडून शंभर-शंभर रुपये गोळा केले. उरलेल्यांतल्या एकानंही हप्ता चुकवला नाही.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळच्या पाळीला, पद्मजा सुई टोचत असताना नसीम दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं फोन समोर धरला. सातशे साठ. पद्मजानं आधी रुग्णाच्या हातावर कापूस दाबला, हात दुमडायला सांगितलं, मग स्वतःचा फोन बघितला. सातशे चाळीस. पूर्वीपेक्षा बेचाळीस कमी. विलग नोंद नाकारल्यापासून भावाच्या पत्त्यापायी यंत्र पूर्वीपेक्षा जास्त गुण कापत होतं. पण चौकशीच्या रकान्यात, जिथं नऊ महिने लाल अक्षरं होती, तिथं आता लिहिलं होतं: 'परिणाम नाही.'

त्याच आठवड्यात तिनं आठ बँकांत अर्ज टाकले. शेटेच्या केंद्रात सन्मती शेजारच्या खुर्चीवर बसला होता. आठही बँकांची उत्तरं आली, आकडा जागचा हलला नाही. सगळ्यांत कमी दर पावणेनऊचा निघाला. भावाला वेगळं दाखवलं असतं तर साडेआठ झाला असता. तिनं पावणेनऊवर सही केली आणि मालगाव रस्त्यालाच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्या रविवारी सन्मतीनं वीज कंपनीच्या जुन्या कागदांची फाइल काढली आणि एका वकिलाकडं नेऊन दिली. काही होईल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. पण त्यानं ती नेऊन दिली.

पतवेधनं एक छोटंसं पत्रक काढलं. सांगली जिल्ह्यातल्या आरोग्य सेवकांच्या वाफ्यात सुधारणा करण्यात आली आहे. इतर सर्व वाफे पूर्ववत आहेत. म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं पाच बँकांना विचारलं, तर तो अजून लबाडच होता.

मे महिन्यात कोल्हापूरच्या बस चालकांचं पत्र आलं. पद्मजा आणि नसीम रजा टाकून गेल्या. आगाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडशेक माणसं होती, खाकी शर्टांची बटणं उकाड्यानं सोडलेली. पद्मजाला भाषण येत नव्हतं. तिनं बाळाच्या रक्ताचं सांगितलं, नव्वद आणि चारशेचं गणित सांगितलं, आणि बसली.

मागून एक वयस्कर चालक उठला. "ताई, आकडा किती पडतोय ते सांगा आधी."

पद्मजा पुन्हा उभी राहिली. चौगुले सिस्टरचा चेहरा तिच्यासमोर आला.

"दीडशे तरी पडतो," ती म्हणाली. "नऊ महिने वर येत नाही. हप्ता वाढतो. पोरांच्या शिक्षणाचं कर्ज अडतं. आमच्यातल्या एका पोराचं वर्ष गेलंय. माझं घर गेलं. ज्यांना यंदा कर्ज लागणार आहे त्यांनी यात पडू नका. घरी जा, बायकोला विचारा, मग ठरवा."

मग चौदा-पंधरा जण उठून बाहेर गेले. बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या पुढं ओढल्या.